मॅकच्या पोटातला 2006 सालचा बॅश

कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीत आपण कमांड टाइप करतो, ती समजून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. त्यातला सगळ्यात गाजलेला बॅश. ब्रायन फॉक्सने तो 1989 मध्ये रिचर्ड स्टॉलमनच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी लिहिला. कुणीही वापरा, कुणीही बदला.

अ‍ॅपलच्या मॅकवरही वर्षानुवर्षं हाच. पण गंमत बघा, 2019 चा कोरा मॅक उघडला तरी आत बॅश 3.2, म्हणजे 2006 चा! 4.0 तर 2009 मध्येच आला होता. अडलं कुठे? मधे, 2007 मध्ये, जीपीएलचा तिसरा परवाना आला. त्याची अट अशी की यंत्रात हे सॉफ्टवेअर घालून विकलंत, तर गिऱ्हाइकाला ते बदलून त्याच यंत्रावर चालवता आलं पाहिजे. पेटंटच्या अटी वेगळ्याच. जाणकार बोट दाखवतात ते याच परवान्याकडे. लाखभर रुपये आपण मोजायचे आणि हक्क कंपनीला जड!

2014 मध्ये बॅशमधलं 'शेलशॉक' हे जुनं भगदाड सापडलं, तेव्हाही अ‍ॅपलने 3.2 लाच ठिगळ लावलं. ऑक्टोबर 2019 च्या कॅटलिनापासून नव्या खात्यांना झेडशेल दिला. त्याचा परवाना सैल.

नवा बॅश हवाच असेल तर होमब्रूवरून घ्या, मान्य शेलांच्या यादीत त्याचा पत्ता लिहा, मग 'सीएचएसएच' कमांडने तो आपला करा. जुना मात्र जागचा हलत नाही. पहिल्या ओळीत जुना पत्ता लिहिलेल्या स्क्रिप्ट अजूनही त्यालाच हाक मारतात.