दुओदाची नामावळी

फ्रँक राजांच्या काळातील काउंट घराण्यांच्या वंशावळी आम्ही चाळतो, तेव्हा जमिनी, पदव्या आणि लढाया यांचाच हिशेब बहुधा हाती लागतो. काउंट हा मुळात राजाने नेमलेला प्रांताधिकारी. राजाची मर्जी फिरली की पद जाई, प्रसंगी शिरही जाई. ते पद पित्याकडून पुत्राकडे जाण्याची वहिवाट हळूहळू रुजली. अशा एका घराण्याची नामावळी मात्र एका मातेने लिहून ठेवली आहे.

दुओदा ही सेप्टिमेनियाचा अधिपती बर्नार्ड याची पत्नी. ८४१ च्या मार्चमध्ये उझेस येथे तिला दुसरा पुत्र झाला. त्याच जूनमध्ये राजबंधूंमध्ये फाँतन्वाची लढाई झाली. बर्नार्ड लढाईपासून दूर राहिला आणि नंतर विजयी चार्ल्सचा विश्वास मिळवण्यासाठी थोरल्या विल्यमला त्याच्या दरबारी ओलीस धाडले. विल्यम तेव्हा चौदा वर्षांचा होता. तान्ह्यालाही बाप्तिस्म्यापूर्वीच बर्नार्डने आपल्याकडे अक्विटेनला आणवले. त्याचे नाव काय ठेवले, हे जन्मदात्रीला ठाऊक नव्हते!

एकाकी दुओदाने विल्यमसाठी लॅटिनमध्ये बोधग्रंथ लिहिला; ८४३ च्या फेब्रुवारीत तो पूर्ण झाला. नवऱ्यापायी ख्रिस्ती आणि यहुदी सावकारांकडून काढलेल्या कर्जाचाही त्यात उल्लेख आहे. शेवटी शेवटी येते ती पितृकुळातील मृतांची यादी : मठवासी झालेले आजोबा विल्यम, त्यांच्या दोन्ही पत्नी, गेर्बेर्गा, गॉत्झेल्म आणि इतर. यांच्यासाठी प्रार्थना कर, आणखी कोणी निवर्तले तर त्याचे नाव जोड, असे ती मुलाला सांगते. बर्नार्डची बहीण गेर्बेर्गा हिला ८३४ मध्ये चेटकीण ठरवून, पिपात कोंबून सोन नदीत बुडवण्यात आले होते. बंधू गॉत्झेल्मचा त्याच वर्षी शिरच्छेद झाला होता. दुओदाच्या यादीत या सूडकथेचा एक शब्दही नाही. आहेत ती केवळ नावे. आम्हाला हे मौन फार बोलके वाटते.

पुढे ८४४ मध्ये चार्ल्सने बर्नार्डला देहदंड दिला. ८५० मध्ये बार्सेलोना येथे विल्यमही मारला गेला. धाकट्याचे नाव पित्याचेच, बर्नार्ड, ठेवले होते. त्याचा पुत्र विल्यम याने ९१० च्या सुमारास क्लूनीचा मठ स्थापला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्याच क्लूनीत मठाधिपती संत ओदिलो यांनी सर्व मृत भाविकांचे स्मरण २ नोव्हेंबरला करण्याचा प्रघात घालून दिला.