आजीच्या बटव्याचा इतिहास

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी घरगुती औषधे आणि सौंदर्यसाधने यांवर काहीतरी लिही, असे मला सांगण्यात आले. उटण्याची आणि शिकेकाईची कृती आपणा सर्वांना ठाऊकच आहे. तेव्हा तीच पुन्हा लिहिण्यापेक्षा या ज्ञानाचा थोडासा इतिहास सांगावा असे मनात आले. त्याला कारणही घरचेच आहे.

माझी आजी गेली, त्यानंतर तिच्या बटव्यातून अकरा वस्तू निघाल्या. सुंठ, वेखंड, हळकुंड, जायफळ, ज्येष्ठमध, मुरुडशेंग, बाळहिरडा, मायफळ आणि अतिविष या नऊ वस्तू आईने व मावशीने लगेच ओळखल्या. उरलेल्या दोन मुळ्या मात्र कोणालाच ओळखता आल्या नाहीत. काष्ठौषधीच्या दुकानदाराला दाखवल्या, त्यानेही मान हलवली. त्यातली एक मुळी आजी सहाणेवर उगाळून गालगुंडावर लावीत असे, एवढेच आईला आठवत होते. पुढे मुळ्यांना कीड लागली आणि त्या तुळशीच्या बुडाशी टाकल्या गेल्या. आजीला कोणी विचारले नाही आणि तिने लिहून ठेवले नाही. माझ्या लेखाचा सारा विषय एवढ्यातच आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी साबण नव्हता, म्हणून त्या अस्वच्छ राहत होत्या असे नाही. अंगाला डाळीचे पीठ, आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कचोरा. केसांना शिकेकाई, रिठा आणि आवळा. रिठ्याला आणि शिकेकाईला फेस येतो, तो त्यांतल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे, असे शास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले. हळदीचा पिवळा अंश म्हणजे कुरकुमिन. तो १८१५ साली युरोपात वेगळा काढण्यात आला. पण नाव ठेवण्याच्या कितीतरी शतके आधी नवरीच्या अंगाला हळद लागतच होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण जे अभ्यंगस्नान करतो, त्यातही थंडीने कोरडी पडणारी कातडी तेलाने मऊ करावी आणि उटण्याने मळ काढावा, हा शहाणपणाचा भाग आहेच.

हे ज्ञान कागदावर येण्याची एक जुनी खूण आपल्या शेजारीच, गोव्यात सापडते. गार्सिया द ओर्ता नावाचे पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आले. आपली मुंबई म्हणजे तेव्हा एक लहानसे बेट, तेही काही काळ त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होते. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर त्यांनी संवादरूपाने पुस्तक लिहिले आणि ते १५६३ साली गोव्यातच छापले गेले. हळदीवरही त्यात एक संवाद आहे. या संवादांत अंतोनिया नावाची घरातली मोलकरीण मधूनमधून येते आणि मालकाने सांगितलेली वस्तू आणून देते. ते वाचताना मला आपल्या माजघराची आठवण झाली. वस्तू आणून देणारी बाई आणि पुस्तकावर नाव वैद्याचे!

पुढे शंभर वर्षांनी मलबारात डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांनी तिथल्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्याला माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी ब्राह्मणही होते. या तिघांची साक्ष पहिल्या खंडात कोंकणी भाषेत, नागरी अक्षरांत छापलेली आहे. आपल्याकडे अजून छापखान्याची नागरी अक्षरे रुळलीही नव्हती, तेव्हा ती हॉलंडात छापली गेली, ही गोष्ट वाचून मला फार नवल वाटले. या लोकांची नावे आज आपल्याला कळतात, कारण ती कागदावर आली. त्यांच्या घरातील बायका काय काय जाणत होत्या, ते मात्र कळायला मार्ग नाही.

महाराष्ट्रात हे ज्ञान सामान्य माणसाच्या हाती देण्याचे मोठे काम वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी केले. त्यांचा ‘आर्यभिषक्’ हा ग्रंथ पुष्कळ मराठी घरांत पंचांगाच्या शेजारी असे. १९०७ साली नाशिकला त्यांनी वैद्यांचे संमेलन भरवून अखिल भारतीय संस्थेचा पाया घातला. त्याच सुमारास साबणाच्या वड्या शहरांतून घराघरांत शिरू लागल्या होत्या. १९२० च्या आसपास गोदरेजांनी चरबी न वापरता वनस्पतींच्या तेलाचा साबण काढला आणि सोवळ्यातल्या बायकांनाही साबण चालू लागला. उटणे मग हळूहळू दिवाळीपुरते उरले. यात कोणाचा दोष नाही. शिकेकाई कुटायला वेळ लागतो आणि घरच्या बाईच्या वेळाची किंमत तिलाच मोजावी लागते.

आता या इतिहासातली सर्वात महत्त्वाची गोष्ट सांगते. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीसाठी पेटंट मिळाले. कशासाठी? तर जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याबद्दल! म्हणजे विळीने बोट कापले की आपण डब्यात हात घालून जी चिमूट दाबून धरतो, ती तिकडे नवा शोध ठरली. विशेष म्हणजे अर्ज करणारे दोघे संशोधकही मूळचे आपल्याच देशातले होते.

आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने याला हरकत घेतली. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. ते मूळचे गोव्यातील माशेलचे; लहानपणी वडील वारल्यावर आईने मुंबईत कष्ट करून त्यांना शिकविले. ‘हे तर आमच्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे,’ असे सांगून मात्र भागण्यासारखे नव्हते. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे परदेशातील लोक एखादी गोष्ट तोंडी जाणतात, हा पुरावा होत नसे. छापील कागद दाखवावा लागे. म्हणून परिषदेने शोधाशोध करून ३२ लेखी दाखले गोळा केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये निकाल लागला आणि पेटंटातले सारे दावे फेटाळले गेले. आपली हळद आपल्याकडेच राहिली. कडुनिंबाबद्दलही युरोपात असाच वाद झाला. तिथले पेटंट २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला.

यावरून शहाणे होऊन सरकारने २००१ साली पारंपरिक ज्ञानाची एक मोठी संगणकीय नोंद सुरू केली. जुन्या ग्रंथांतील औषधांची माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत तीत उपलब्ध केली आहे, म्हणजे पेटंट देणाऱ्यांना ती आधीच पाहता यावी. पण भगिनींनो, ही नोंद मुख्यतः ग्रंथांवरून झालेली आहे. माझ्या आजीची ती मुळी कोणत्या ग्रंथात असेल आणि ती कोणी शोधावी?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसते जुन्याचे गोडवे गाणे होईल. जुने ते सगळेच सोने नव्हते. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या लेकरांना ‘बाळागोळी’ देत. त्या गोळीत अफू असे. दिवसभर आई यंत्रापाशी. मूल गुंगीत पडून राही. ती माउली दुष्ट नव्हती, तिला दुसरा उपायच नव्हता. पण त्या गोळीने कित्येक मुलांचे हाल झाले. बाळाच्या नाळेवर राख किंवा शेण लावण्याची चालही अशीच घातक होती. तिच्यामुळे धनुर्वात होई. बायांना लसी मिळाल्या, बाळंतपणे स्वच्छ हातांनी होऊ लागली, आणि २०१५ साली नवजात बाळांचा धनुर्वात आपल्या देशातून जवळजवळ हटल्याचे जाहीर झाले. बाजारच्या कित्येक सुरम्यांत शिसे सापडले आहे, ते बाळाच्या डोळ्यांत घालू नये. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तीत शिशाचा रंग मिसळल्याचेही आढळले आहे. त्यापेक्षा हळकुंडे आणून दळलेली बरी. आणि गुटीचे म्हणाल, तर पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधावाचून काही देऊ नये, असे आजचे डॉक्टर सांगतात. ते ऐकावे.

मग आजी चुकत होती का? मला तसे वाटत नाही. गुटी उगाळताना ती सहाणेवरचे वेढे मोजत असे. सुंठेचा एक, ज्येष्ठमधाचे दोन, अतिविषाचा अगदी अर्धा. मूल केवढे आहे, पोट कसे आहे, ऋतू कोणता, हे पाहून ती वेढे कमी-जास्त करी. म्हणजे प्रमाणाचे भान तिला होते. ज्ञान होते, मापही होते. फक्त ते तिच्या बोटांत होते आणि बोटांबरोबरच गेले. लिहून ठेवले असते, तर चांगले काय ते टिकले असते आणि वाईट काय ते तपासून टाकता आले असते. न लिहिलेल्याचे दोन्ही होत नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत आपण एक जाड वही घालावी. प्रत्येकीने आपल्या घरातील वडीलधाऱ्या बाईजवळ बसून एक-एक औषध लिहावे : त्या वनस्पतीला घरात काय म्हणतात, पान कसे, मूळ कसे, किती घ्यायचे, कोणाला द्यायचे आणि कोणाला मुळीच द्यायचे नाही. जमल्यास ओले पान वहीत दाबून ठेवावे. नंतर एखाद्या जाणत्या वैद्याकडून आणि डॉक्टरांकडून ती वही तपासून घ्यावी. यासाठी फार शिक्षण लागत नाही. मी सातवी शिकलेली आहे, मला जमेल तर आपणा सर्वांना जमेल.

आमच्या घरातली वही मी सुरू केली आहे. तिची पहिली दोन पाने मी कोरी ठेवली आहेत. गालगुंडावर उगाळून लावायची ती मुळी कोणा भगिनीच्या सासूबाईंना किंवा आजींना ठाऊक असेल, तर कृपा करून मला कळवावे.