दातातील कीड आणि प्रतिजैविकाची गोळी

दाढ सुजली की औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणावयाच्या, सूज उतरली की त्या बंद करावयाच्या आणि दाढ मात्र आहे तशीच ठेवावयाची, हा प्रघात महाराष्ट्रात खेड्यांत व शहरांतही दिसून येतो. दंतवैद्य त्याची गणना सामान्यतः अज्ञानात करतात. हे निदान अपुरे वाटते. ज्या समजुतींवर हा प्रघात उभा आहे त्यांपैकी काही पेनिसिलीनहून कितीतरी जुन्या आहेत, आणि त्यांचा माग भाषेत व वैद्यकग्रंथांत लागतो.

मराठीत दात 'किडतो', दाढेला 'कीड लागते'. हेच शब्द धान्याला, लाकडाला व उभ्या पिकालाही लागू पडतात. म्हणजे बाहेरून शिरलेला कोणी पोखरणारा जीव, हीच कल्पना येथे गृहीत धरलेली आहे. ही कल्पना केवळ भारतीय नव्हे. प्राचीन बाबिलोनियातही दंतकृमी मानला जात असे, आणि युरोपात पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात त्याचे अस्तित्व नाकारल्यानंतरही लोकांच्या मनातून तो लवकर गेला नाही. सुश्रुतसंहितेत काळा पडलेला, छिद्र असलेला, हलणारा व कारणावाचून ठणकणारा दात 'कृमिदंतक' या नावाने वर्णिलेला आहे. विशेष हे की नावात कृमी असला तरी तेथे कारण सांगितले आहे ते वाताचे. पुढे शास्त्रातला वात मागे पडला आणि नावातला कृमी तेवढा लोकांच्या तोंडी राहिला. रिंगणीच्या बियांची धुरी दाढेला देण्याचा ग्रामीण उपाय याच कृमीला मारण्यासाठी होता.

दात काढण्याविषयीच्या भीतीचा इतिहास याहूनही उद्बोधक आहे. वरची दाढ काढली असता डोळा अधू होतो, असे आजही अनेक रुग्ण बोलून दाखवितात. सुश्रुताच्या चिकित्सास्थानात वरचा दात समूळ उपटल्यास अतिरक्तस्राव होऊन काणेपणा व अर्दित, म्हणजे तोंड वाकडे होणे, संभवते आणि म्हणून तो हलत असला तरी काढू नये, असा स्पष्ट निषेध आहे. ग्रंथातून समजूत लोकांत उतरली की लोकांतून ग्रंथात चढली, हा प्रश्न येथे महत्त्वाचा नाही. ज्याला ही भीती आहे त्याला दात न काढता बरे करणारे औषध हवेच असणार.

असे औषध विसाव्या शतकाच्या मध्यास हाती आले. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना १९५४ साली झाली व पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. 'जंतू मारणारे औषध' या वर्णनासाठी रुग्णाला नवी कल्पना शिकावी लागली नाही. कीड मारणाऱ्या धुरीची जागा रिकामीच होती. 'प्रतिजैविक' हा शब्द पाठ्यपुस्तकांपुरता राहिला. बोलण्यात रूढ झाली ती 'सुजेची गोळी' आणि 'पॉवरची गोळी'.

परंतु दाताची रचना या कल्पनेस अनुकूल नाही. दाताचा मगज कठीण भिंतींच्या आत कोंडलेला असतो. तो मेला की तेथील रक्तप्रवाह थांबतो आणि रक्तातून येणारे औषध तेथवर पोचत नाही. मगज मरताना कळ आपोआपही थांबते, साचलेल्या पुवाला वाट मिळाली की ठणका ओसरतो, आणि श्रेय मात्र त्या दिवशी घेतलेल्या गोळीला जाते. रुग्णाचा अनुभव खोटा नसतो, अनुमान चुकते. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मगजाच्या तीव्र दाहाच्या ४० रुग्णांपैकी काहींना पेनिसिलीन व इतरांना निर्गुण गोळी दिली असता दोन्ही गटांच्या वेदनांत लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली, अंगात ताप वा सूज पसरण्याची लक्षणे नसताना आणि दातावर तातडीने उपचार होऊ शकत असताना, अशा दुखण्यांत प्रतिजैविके देऊ नयेत, असे मार्गदर्शन केले.

रुग्णांचे अनुमान सदैव फसतेच असे मात्र नाही. मेट्रोनिडाझोल हे मूळचे योनिमार्गाच्या विकारावरील औषध. ते घेत असता हिरड्यांचे दुखणेही गेले, हे प्रथम एका रुग्णेच्या लक्षात आले, आणि त्यावरून शिन या ब्रिटिश दंतवैद्याने १९६२ साली त्याचा हिरड्यांच्या तीव्र रोगातील उपयोग मांडला.

'औषध गरम पडते' म्हणून दोन दिवसांत गोळ्या थांबविणे व उरलेल्या पुढच्या सुजेसाठी डब्यात ठेवणे, हा या प्रघाताचा दुसरा भाग. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट प्रतिकार शिकतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. धोका तेवढ्यावर थांबत नाही. खालच्या दाढेचा पू जबड्याखाली उतरला तर जिभेचे बूड वर उचलले जाऊन श्वास कोंडतो. लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली वर्णिलेला हा विकार आजही प्राणघातक ठरू शकतो. येथे प्रतिजैविक खरोखर अत्यावश्यक असते, त्याबरोबर पुवाला वाट करून देणेही. आणि घरच्या गोळ्यांवर विसंबलेला रुग्ण नेमका येथे उशिरा पोचतो.

या गैरसमजात वैद्यांच्या भाषेचाही वाटा आहे. 'आधी सूज उतरू द्या, मग पाहू', असे वाक्य चिकित्सालयांत नेहमी ऐकू येते. वैद्याच्या मनात त्यातील 'आधी' ला महत्त्व असते. रुग्ण सूज उतरताच घरी राहतो, कारण त्याच्या दृष्टीने सांगितलेले काम पुरे झालेले असते.