दोन आवर्तनांचा देश

जपानच्या विद्युत्-कारभाराचा पायाच दुहेरी घातला गेला. कारण १८९५ च्या सुमारास तोक्योच्या कंपनीने जर्मनीच्या एईजीकडून दर सेकंदास ५० आवर्तनांची जनित्रे घेतली, त्यापाठोपाठ ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून ६० आवर्तनांची आणविली, आणि या दोन खरेद्यांतून उत्पन्न झालेली, फुजी नदीपासून इतोइगावापर्यंतची सरहद्द आजतागायत कायम आहे. एखादा संगीतप्रेमी गृहस्थ तोक्योहून ओसाकास राहावयास गेला, की प्रवाहाच्या आवर्तनांशी बांधलेली त्याच्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर एक-पंचमांशाने जलद फिरे, आणि षड्ज थेट कोमल गंधारावर जाऊन बसे (आपल्या गवयांनी हे मुळीच खपवून घेतले नसते!), सबब मोटरीची पुली बदलणे त्यास प्राप्तच होते.

अशा मुलखात संगीतशौकिनांना विजेच्या शुद्धीचा ध्यास जडावा, यात नवल नाही. घरगुती १०० व्होल्टांचा प्रवाह प्रथम एकदिश करून त्यापासून नवा निर्दोष तरंग घडविणारी यंत्रे निघाली, आणि काही मातब्बर शौकिनांनी तर घराशेजारी खासगी खांब व रोहित्र उभारविले. वस्तुतः आलेली वीज सुधारून घेण्यासाठी अॅम्प्लिफायरच्या पोटात रोहित्र, रेक्टिफायर व कपॅसिटर यांची तजवीज असतेच; शिवाय मोठा अॅम्प्लिफायर तरंगाच्या शिखराशीच झटक्याझटक्याने वीज ओढत असल्यामुळे बाहेरून जोडलेला अपुऱ्या ताकदीचा फिल्टर त्याच्या वाटेतील धोंड ठरतो. जुन्या रेकॉर्ड प्लेअरला स्थिर आवर्तन पुरविणे सार्थ होते; अॅम्प्लिफायरसाठी रोवलेला खांब मात्र बव्हंशी हौसेच्या खाती मांडावा.