मॉनमथ कोणाचे?

इंग्लंडच्या पश्चिम सीमेवर मॉनमथ नावाचा जिल्हा आहे. तो इंग्लंडचा की वेल्सचा, हा वाद चारशे वर्षांहून अधिक काळ चालला. आपल्या भागातल्या वाचकाला अशा वादाची वेगळी ओळख करून द्यायला नको. त्याचे मूळ मात्र आठव्या हेन्रीच्या दफ्तरात आहे.

वेल्सचा पाडाव १२८३ मध्येच झाला होता. तरी सीमेवरच्या पट्ट्यात जहागीरदारांचे राज्य चाले. प्रत्येकाची कचेरी वेगळी, फास वेगळा. राजाचा हुकूम वेशीवरच अडे. एका जहागिरीत गुन्हा करावा आणि शेजारच्या जहागिरीत जाऊन निवांत बसावे, असा प्रकार. गंमत म्हणजे ट्यूडर घराणे मूळचे वेल्श. हेन्रीचे वडील १४८५ मध्ये वेल्सच्याच किनाऱ्यावर उतरून गादीपर्यंत पोचले होते.

१५३४ मध्ये रोलंड ली या बिशपला लडलो येथील मंडळाचा अध्यक्ष नेमले. धर्मगुरू खरा, पण माणसे फासावर चढवण्यात त्याचा हात सढळ! हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने पुढे कायद्याची वाट धरली. १५३६ च्या कायद्याने जहागिऱ्यांचे अधिकार मोडून मॉनमथसह पाच नवे जिल्हे पाडले, उरलेला मुलूख जुन्या जिल्ह्यांना जोडला. वेल्सला पार्लमेंटात जागा मिळाल्या. स्थानिक जमीनदारांना न्यायदानाचे अधिकार द्यायला ली याचा सक्त विरोध होता. तो मानला गेला नाही. पुढे सर्व मुलांत जमीन वाटण्याची वेल्श रीतही गेली, वारसा थोरल्याकडे आला. जमीनदार खूश झाले, यात नवल ते काय?

याच कायद्यात एक कलम होते. कोर्टाचे कामकाज इंग्रजीत चालेल, आणि इंग्रजी न वापरणाऱ्या वेल्श माणसाला सरकारी पद मिळणार नाही. तेव्हा बहुसंख्य लोकांना वेल्शखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. न्यायासनावरच्या गावच्या जमीनदाराला शेतकऱ्याचे बोलणे कळे, पण कागदावर उतरे ते इंग्रजीच.

पुढे राज्यकर्त्यांनाच अडचण आली. नवा प्रॉटेस्टंट पंथ इंग्रजी न कळणाऱ्या लोकांच्या गळी कसा उतरवायचा? १५६३ मध्ये, एलिझाबेथ राणीच्या काळात, बायबलच्या वेल्श भाषांतराचा कायदा झाला आणि १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन याचे संपूर्ण बायबल छापले गेले. कोर्टातून हुसकलेली भाषा चर्चमध्ये राजमान्यतेने बसली. कोर्टात परतायला तिला १९४२ उजाडावे लागले, तेही अटी घालून. १५३६ च्या कायद्याचे उरलेसुरले अवशेष १९९३ मध्ये रद्द झाले. २०११ मध्ये वेल्सपुरता तिला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला.

राहिले मॉनमथ. १५४३ च्या दुसऱ्या कायद्याने वेल्सच्या बारा जिल्ह्यांसाठी स्वतंत्र कोर्टे नेमली. तेरावे मॉनमथ तेवढे लंडनच्या कोर्टांकडे ठेवले. तेव्हापासून ते ना इकडचे, ना तिकडचे. सरकारी कागदांत कित्येकदा ‘वेल्स आणि मॉनमथशायर’ असे लिहीत. अखेर १९७२ च्या कायद्याने, १९७४ पासून, ते निःसंशय वेल्सचे झाले.