वाशिष्ठीचे पूर आणि त्यांच्या निवारणाचा खर्च

रत्नागिरी जिल्ह्यांतील चिपळूण शहरास ता. २२ जुलै २०२१ रोजीं जो महापूर आला, त्याची हकीकत सर्वांस विदित आहे. तिची पुनरुक्ति करण्याचा येथें हेतु नाहीं. पूर ओसरल्यावर निवारणाच्या योजना निघाल्या; त्यांस पैसा कोणीं द्यावयाचा व त्या कोणत्या पुराव्यावर आंखावयाच्या, या दोन प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीनें विचार करावा, एवढेंच योजिलें आहे. त्यांतील दुसरा प्रश्न जुने कागद जमविणारांच्या अगदीं जवळचा आहे, हें पुढें दिसून येईल.

चिपळूण हें वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावर, समुद्रापासून सुमारें २५ मैल आंत वसलें आहे. सह्याद्रीचा कडा तेथून जवळ असल्यानें घाटांत कोसळलेला पाऊस कांहीं तासांतच शहराच्या वेशीशीं येतो. शहरांतून वाहणारी शिव नदी वाशिष्ठीस मिळते, आणि दाभोळच्या खाडीची भरती गोवळकोटापर्यंत चढते. डोंगरचा लोंढा व समुद्राची भरती यांची गांठ पडली कीं पाण्यास वाटच राहत नाहीं. परंतु हेंच स्थान एके काळीं शहराच्या भाग्याचें कारण होतें. मचवे खाडीनें गोवळकोटास येत, व माल कुंभार्ली घाटानें कऱ्हाडाकडे चढे. इ. स. १८८० च्या ग्याझेटियरांत चिपळूणचें वर्णन आहे तें व्यापाराची पेठ म्हणून. पेठ पाण्याच्या कांठीं बसली ती चुकून नव्हे, पाण्यासाठींच बसली. पूररेषेच्या आंत वस्ती केल्याचा दोष सरसकट रहिवाशांच्या माथीं मारणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. अलीकडच्या भरावांची गोष्ट निराळी. त्यांचें समर्थन कोणीहि करूं नये.

नदीचें मूळ मान बदललें तें कोयना प्रकल्पानें. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचें पाणी अडवून, सह्याद्रीच्या पोटांतून बोगद्यानें पश्चिमेस आणून पोफळी येथें इ. स. १९६२ पासून वीज उत्पन्न होऊं लागली. पुढें कोळकेवाडीचें धरण झालें, आणखी टप्पे झाले, व प्रकल्पाची एकूण शक्ति १,९६० मेगावाट झाली. कृष्णा पाणीतंटा लवादानें (बच्छावत) या कामीं वर्षास ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेस वळविण्याची मर्यादा घातली. याचा हिशेब केला असतां सेकंदास सरासरी सुमारें २,१४० घनफूट पाणी होतें, आणि वीज करून झाल्यावर तें सर्व वाशिष्ठींत उतरतें. जें पाणी बंगालच्या उपसागरास जावयाचें, तें आतां दाभोळास जातें!

महापुरांत या अवजलाचा वाटा किती, याविषयीं मोठा वाद आहे. शहरवासीयांचा रोष प्रकल्पावर आहे. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, अतिवृष्टीच इतकी होती कीं वीजगृहें बंद असतीं तरीहि शहर बुडालेंच असतें. प्रस्तुत लेखकास हें दुसरें म्हणणें सर्वस्वी त्याज्य वाटत नाहीं. परंतु खर्चाचा प्रश्न या वादाच्या निकालावर अवलंबून नाहीं. ज्यानें दुसऱ्याच्या अंगणांतून आपला पाट काढला, त्यानें तो पाट उपसून ठेवावा, हा गांवगाड्यांतील साधा न्याय आहे; मग अंगण कोणत्या पावसानें भरलें हें विचारावें लागत नाहीं. विजेचा लाभ साऱ्या महाराष्ट्रास मिळतो. नदीचें पात्र मोकळें ठेवण्याचा भार एका नगरपरिषदेवर पडूं नये.

राज्य सरकारनें ऑगस्ट २०२१ मध्यें पूरग्रस्त जिल्ह्यांसाठीं ११,५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. पैकीं १,५०० कोटी मदतीस, ३,००० कोटी पुनर्बांधणीस व ७,००० कोटी दीर्घ मुदतीच्या निवारणकार्यास, अशी ती वांटणी होती. आंकडा मोठा खरा, पण तो साऱ्या राज्याचा. चिपळूणकरांस त्याच वर्षीं डिसेंबरांत गाळ काढण्याच्या मागणीसाठीं साखळी उपोषण करावें लागलें. तदनंतर सरकारी यंत्रें व नाम फाउंडेशन यांच्याकडून वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचा गाळ निघूं लागला. काम चांगलें झालें. परंतु गाळ हा दरसाल येणारा पाहुणा आहे, आणि एकदां मिळालेल्या रकमेनें दरसालचें काम होत नाहीं. मुंबईचा दाखला समोर आहे. तेथील पर्जन्यजलवाहिन्यांची योजना इ. स. १९९३ च्या अहवालांत तयार होती, परंतु ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून शहर बुडाल्यावरच केंद्र सरकारनें तिच्यासाठीं १,२०० कोटी रुपये मंजूर केले. मधलीं बारा वर्षें अहवाल होता, द्रव्य नव्हतें.

आतां पुराव्याविषयीं. नदीकांठीं दोन रेषा आंखतात: २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी व १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल. ही कल्पना आपणांस अपरिचित नाहीं. कौटिल्यानें उपनिपातांच्या प्रकरणांत पावसाळ्यांत नदीकांठच्या गांवांनीं ‘पूरवेला’ सोडून राहावें, लांकडें, वेळू व नावा जवळ ठेवाव्या, असें सांगितलें आहे. वाहून जाणारास तारण्यास जो धांवत नाहीं, त्यास १२ पणांचा दंड, मात्र ज्यापाशीं तराफा नाहीं त्यास माफी. परंतु शंभर वर्षांची रेषा काढावयाची तर शंभर वर्षांच्या खुणा हव्यात. मोजणीचीं यंत्रें अलीकडचीं. त्यापूर्वींचा पुरावा खोतांच्या दप्तरांत, मळई वाहून गेल्याबद्दल मागितलेल्या सुटीच्या अर्जांत, देवळांच्या जमाखर्चांत शोधावयास हवा.

आणि पूर प्रथम नेतो तो हाच पुरावा. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरांत, जें इ. स. १८६४ पासून चालत आलें आहे, २००५ व २०२१ या दोन्ही पुरांचें पाणी शिरून ग्रंथांची हानि झाली. एका परिचितांच्या घरीं माळ्यावरचें रुमाल तेवढें वाचलें. खालच्या कपाटांतील पोथ्यांचा लगदा मीं स्वतः सुपांत भरून बाहेर काढला. त्यांत काय होतें, हें घरांतील कोणासच ठाऊक नव्हतें. यादी केलेली नव्हती.

वाचकांपैकीं कोणापाशीं वाशिष्ठी, शिव किंवा खेडची जगबुडी यांच्या पुराचा उल्लेख असलेला कागद असेल, तर त्यांनीं त्याची नक्कल, मिति व गांवाचें नांव मंडळाकडे पाठवावें. भिंतीवर पाण्याची खूण असल्यास रंग देण्यापूर्वीं जोत्यापासून तिची उंची मोजून कळवावी.