बिघडलेला डिजिटल कॅमेरा : दुरुस्ती की नवी खरेदी?

डिजिटल कॅमेरा बंद पडला की तो दुरुस्त करावा की नवा घ्यावा, असा प्रश्न ग्राहकापुढे उभा राहतो. हौशी छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा केवळ खर्चाचा प्रश्न असला, तरी लग्नसमारंभांच्या छायाचित्रणावर उदरनिर्वाह करणाऱ्या व्यावसायिकासाठी तो रोजगाराचा प्रश्न असतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या बंगळुरूमध्ये दोन्ही पर्याय उपलब्ध आहेत. शहरातील सदर पत्रप्पा रोड, अर्थात एस. पी. रोडवर सुट्या भागांची अनेक दुकाने आहेत.

बिघाडाचे स्वरूप

प्रत्येक बिघाड गंभीर नसतो. बॅटरीची क्षमता संपणे, बॅटरीच्या कप्प्यातील पट्ट्यांवर गंज चढणे किंवा मेमरी कार्ड सदोष असणे या कारणांनीही कॅमेरा बंद पडतो. त्यामुळे दुसरी बॅटरी आणि दुसरे कार्ड घालून पाहणे ही पहिली पायरी होय. लहान कॅमेऱ्यांत वाळूचे कण शिरल्याने बाहेर येणारे भिंग अडकते. मोठ्या कॅमेऱ्यांतील यांत्रिक शटरचे आयुष्य मर्यादित असते. अनेक मॉडेलांसाठी उत्पादक एक ते दोन लाख छायाचित्रे इतकी क्षमता सांगतात. शटर बदलता येते. मात्र प्रतिमा टिपणारा संवेदक किंवा मुख्य सर्किट निकामी झाल्यास खर्च बराच वाढतो. कोकण किनारपट्टीसारख्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. ती वेळीच साफ केली नाही, तर भिंगावरील लेप कायमचा खराब होतो.

कॅमेरा घरी उघडणे धोक्याचे आहे. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा दाब असतो आणि बॅटरी काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो.

खर्चाचा हिशेब

दुरुस्तीचा खर्च तशाच दर्जाच्या कॅमेऱ्याच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर नवी खरेदी करावी, असा ढोबळ ठोकताळा वापरला जातो. तुलना मूळ खरेदी किमतीशी करू नये. समजा, तशाच दर्जाचा कॅमेरा आज ४० हजार रुपयांना मिळतो आणि दुरुस्तीला १२ हजार रुपये लागतात. अशा वेळी दुरुस्ती किफायतशीर ठरते. हाच खर्च २५ हजारांवर गेला, तर ती परवडत नाही. जुन्या भिंगांचा संच नव्या कॅमेऱ्याला बसत नसेल, तर त्या भिंगांची किंमतही हिशेबात धरावी लागते.

सुट्या भागांची उपलब्धता हा दुसरा निकष आहे. जपानमधील कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवण्यात आले. २०२३ मध्ये ही संख्या सुमारे ७७ लाखांवर आली. कोडॅकने २०१२ मध्ये डिजिटल कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, तर ऑलिंपसचा कॅमेरा व्यवसाय जानेवारी २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेला. त्यामुळे जुन्या मॉडेलचे भाग मिळतात का, याची खात्री आधी करून घ्यावी.

दोष कोणाचा?

काही वेळा दोष निर्मितीतच असतो. ऑक्टोबर २००५ मध्ये कॅनन, निकॉन, सोनी यांच्यासह अनेक कंपन्यांनी काही मॉडेलांमधील संवेदक सदोष असल्याचे जाहीर केले. उष्ण आणि दमट हवेत या संवेदकातील जोडणी सुटत असे आणि चित्र विकृत दिसे. हे कॅमेरे वॉरंटीची मुदत संपल्यानंतरही विनामूल्य दुरुस्त करून देण्यात आले. म्हणूनच पैसे भरण्यापूर्वी आपल्या मॉडेलबाबत कंपनीने अशी सूचना काढली आहे का, हे पाहणे हिताचे ठरते.

ग्राहकाचे अधिकार

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. या कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराविषयीचे पोर्टलही सुरू केले. कॅमेरा दुरुस्तीस देताना मेमरी कार्ड काढून घ्यावे, अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि पावतीवर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक नोंदवून घ्यावा. बदललेला जुना भाग परत मागावा.

निकामी कॅमेऱ्याचे काय?

दुरुस्ती अशक्य ठरली, तरी कॅमेरा घरच्या कचऱ्यात टाकू नये. त्यात मौल्यवान धातूंबरोबरच घातक द्रव्येही असतात. लिथियम बॅटरी दाबली गेल्यास पेट घेऊ शकते. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बंगळुरूमध्ये अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांबरोबरच २०१५ मध्ये सुरू झालेला ‘रिपेअर कॅफे’ हा उपक्रमही आहे. स्वयंसेवकांच्या मदतीने नागरिकांनी आपल्या वस्तू स्वतः दुरुस्त कराव्यात, ही त्यामागील कल्पना असून तिचा प्रारंभ २००९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे झाला.

थोडक्यात, बिघाड किरकोळ, सुटे भाग उपलब्ध आणि खर्च निम्म्याहून कमी असेल, तर दुरुस्तीला प्राधान्य द्यावे. संवेदक किंवा मुख्य सर्किट निकामी झाले असेल आणि भाग मिळत नसतील, तर नवा कॅमेरा घेणे योग्य ठरते.